उपवासाच्या दिवशीची गोळी

मी साड्या विकतो. इथे कानडी मुलखात, चिकपेटच्या बाजारात, पहिल्या मजल्यावर आमचं ठोक दुकान आहे, आजोबांनी सुरू केलेलं. औषधातलं मला कळतं ते एका पेशंटला कळतं तेवढंच. तेव्हा पुढे गोळ्यांची नावं आणि आकडे आले तर ते माझे आहेत, तुमचे नव्हेत. तुमचे तुमच्या डॉक्टरांना विचारा.

तरी लिहायला बसलो, कारण सात महिने मी डिप्रेशनची औषधं घेत होतो आणि ती मला लागू पडत नव्हती. का पडत नव्हती हे उघड झालं तेव्हा डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. आमच्यासारख्या घरात वाढलेलं दुसरं कुणी आज हीच चूक करत असेल. त्यांच्यासाठी हे आहे.

साडी उलगडेना

आमच्या धंद्यात साडी दाखवायची म्हणजे उलगडायची. पदर असा झटकायचा की तो गादीच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन पडला पाहिजे. मला ते जमतं, तीस वर्षं तेच केलंय. वर तोंडाची टकळी चालू. मोहन, माझा धाकटा भाऊ आणि दुकानातला भागीदार, म्हणायचा की अण्णा साडी विकत नाही, गप्पांच्या भरात ती लोकांच्या गळ्यात मारतो.

संक्रांतीनंतर एका सकाळी दावणगेरेचे एक जुने व्यापारी आले. मी पहिली साडी हातात घेतली आणि ती उलगडावीशी वाटेना. हात दुखत नव्हता, ताप नव्हता. उलगडून काय करायचं, परत घडीच घालायची, एवढाच विचार आला आणि तिथेच अडकून बसला. साडी तशीच मांडीवर घेऊन मी बसून राहिलो. मोहनने सावरून घेतलं, त्यांच्याशी दोन शब्द हसून बोलला आणि मग माझ्या कानाशी आला.

"बरं नाही काय, अण्णा? स्वल्प आत जाऊन पड की."

आत जाऊन पडलो तो पुढे कित्येक महिने पडूनच होतो म्हणा ना. दुकानात जायचो, राजाजीनगरहून मेट्रोने जाऊन मेट्रोने यायचो, पण गादीवर बसायचो नाही. मागच्या खोलीत गठ्ठ्यांना टेकून बसायचो. भूक गेली. झोप पहाटे चारला उडायची आणि सकाळ उगवायची ती छातीवर दगड घेऊन. ब्रशला पेस्ट लावून मी बेसिनपाशी दहा-दहा मिनिटं उभा राहायचो, कारण पुढचं काम काय ते आठवायचं पण करवायचं नाही.

मग तपासण्या सुरू झाल्या. हृदय, थायरॉइड, पोट, सगळं झालं. रिपोर्ट नॉर्मल आला की घरचे खूश व्हायचे आणि मी खचायचो, कारण नाव नसलेल्या दुखण्याला लोक आळस म्हणतात. माझी बायको शैला तसं कधी म्हणाली नाही. पण एकदा भाजी निवडता निवडता, मान वर न करता म्हणाली, "तुम्ही माझ्याशी आपण होऊन बोललात त्याला आज अकरा दिवस झाले." तिने दिवस मोजले होते आणि मला पत्ताच नव्हता.

येलहंका

आमच्या घरच्या डॉक्टरांनी शेवटी मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं. त्यावर घरात बैठक बसली. मोहनचं म्हणणं एकच होतं, "जायचं तर लांब जायचं. पेटेत कळलं तर तोंडं कुणाकुणाची धरणार?" म्हणून आम्ही येलहंक्याला एका बाई डॉक्टरांचं क्लिनिक शोधलं. शहराच्या पार उत्तरेला, आमच्या ओळखीचं चिटपाखरू तिकडे जात नाही.

पहिल्याच दिवशी वेटिंगमध्ये समोरच्या बाकावर आमच्याच गल्लीतले नळाच्या तोट्या विकणारे व्यापारी बसले होते. त्यांनी मला पाहिलं, मी त्यांना पाहिलं, आणि दोघांनीही एकदमच भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला घेतलं. पाच मिनिटांनी ते कानडीत म्हणाले, "इकडे पाहुण्यांकडे आलो होतो. सुम्ने बसलोय." उगाच बसलोय, काही कारण नाही. मी म्हटलं, "मी पण सुम्नेच." त्यांचा नंबर आला, तसे उठले आणि आत जाता जाता माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले. पुढे दर महिन्याला आमची गाठ पडायची आणि दर महिन्याला आम्ही दोघेही तिथे सुम्नेच बसलेले असायचो. त्या दिवसांत ज्या थोड्या गोष्टींनी बरं वाटायचं, त्यांतली ही एक.

डॉक्टरबाई पन्नाशीच्या, शांत. आमच्याशी कानडीत बोलायच्या, मी इथे मराठीत लिहितोय. बरंच काही विचारून झाल्यावर त्यांनी सरळ विचारलं, "जगणं नकोसं वाटतं का?"

शैला शेजारीच बसली होती. मी नाही म्हणणार होतो. पण तोंडातून निघालं, "जीव द्यावासा वाटत नाही. पण सकाळी उठलोच नाही तर बरं, असं रोज वाटतं."

शैलाने पर्स उघडली, बंद केली, परत उघडली. डॉक्टरबाई म्हणाल्या, "सांगितलंत हे फार बरं केलंत. हे वाढतंय असं वाटलं तर दिवस-रात्र बघू नका, लगेच फोन करा." मग शैलाकडे वळून, "तुम्हाला वाटलं तर तुम्ही करा." त्यानंतर त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, आणि यावर औषध आहे असंही. मला तिथेच रडू फुटलं. ते दुःखाचं नव्हतं. आपल्याला काहीतरी झालंय, आपण आळशी नाही, या सुटकेचं होतं.

पहिली गोळी, दुसरी गोळी

पहिली एस्सिटॅलोप्रॅम. सकाळी नाश्त्यानंतर, आठवडाभर पाच मिलिग्रॅम, मग दहा. डॉक्टरबाईंनी आधीच बजावलं होतं की त्रास पहिल्या दिवसापासून जाणवेल आणि गुण यायला चार ते सहा आठवडे लागतील. असला माल आमच्या पेटेत कुणी घेतला नसता. पहिले दहा दिवस मळमळ आणि जांभया. जांभया अशा की देवळात आरती चालू असताना जबडा मिटेना, आणि शेजारचे गृहस्थ मला पाहून जांभया द्यायला लागले. दोन आठवड्यांनी मळमळ गेली, जांभयाही गेल्या. गुण मात्र चार आणेच आला. दहाचे पंधरा केले, तरी फार फरक नाही. जूनमध्ये औषध बदललं.

दुसरं व्हेनलाफॅक्सिन. ही कॅप्सूल, रोज एकाच वेळी, पोटात अन्न असताना घ्यायची. मला रात्रीच्या जेवणानंतर दिली होती. साडेसदतीसपासून सुरुवात, मग पंचाहत्तर. तोंडाला कोरड पडायची, घामाने उशी ओली व्हायची, पोट साफ होत नसे. दर खेपेला बाई ब्लडप्रेशर मोजायच्या, कारण या औषधाने ते वाढू शकतं. आणखी एक गोष्ट, जी आमच्या वयाचे पुरुष बोलत नाहीत म्हणून मीच लिहितो. नवरा-बायकोतलं जे असतं, त्याची इच्छाच उरली नाही, आणि कधी झालीच तर शरीर साथ देईना. मला वाटलं, आता हेही संपलं. डॉक्टरबाईंनी आपण होऊन विचारलं, म्हणून कळलं की हे गोळीमुळेही होतं आणि सांगितलं तर त्यावर मार्ग काढता येतो. त्यांनी विचारलं नसतं तर मी मेलो तरी बोललो नसतो.

दर महिन्याचा त्यांचा ठरलेला प्रश्न, "गोळ्या नियमित घेता ना?" माझं ठरलेलं उत्तर, "होय, डॉक्टर."

पण बरं काही वाटेना. म्हणजे तीन-चार दिवस जरा उजाडल्यासारखं वाटायचं, शैलाशी दोन वाक्यं बोलायचो, आणि परत खड्डा. पुन्हा तीन-चार दिवस, पुन्हा खड्डा. पंचाहत्तरचे दीडशे झाले. सप्टेंबरच्या भेटीत बाई म्हणाल्या, "यानेही फरक पडला नाही तर वेगळा विचार करावा लागेल." त्या साधंच बोलल्या, पण माझ्या पायांखालची जमीन सरकली. आजाराची भीती मला आता वाटत नव्हती. औषध आहे, जगाला लागू पडतंय, फक्त आपल्याला पडत नाही, ही भीती होती. घरी परतताना मी गाडीत शैलाला म्हणालो, "मोहनला सांग, माझी वाट बघू नको म्हणावं. गादी त्याने सांभाळावी." ती म्हणाली, "गप्प बसा."

एक गोष्ट मला जमत होती

आता उपवासांचं सांगतो. शनिवार आणि संकष्टी आमच्या घरात आजोबांपासून आहेत. दोन्ही एकादश्या अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी धरल्या. दिवसभर चहा-पाणी, संध्याकाळी एकदाच फराळ, आणि त्या दिवशी औषध पोटात जाऊ द्यायचं नाही. ही रीत कुणी कुठून आणली ते कुणालाच माहीत नाही. अप्पा ब्लडप्रेशरची गोळीसुद्धा घेत नसत. "एक दिवस देवाला दिला तर काय बिघडतंय," म्हणायचे. आम्ही लहानपणापासून हेच बघत आलो. अंघोळ केल्याशिवाय देवघरात जात नाही, तसंच हे. आपण काही वेगळं करतोय असं मनातही येत नाही.

आजारात मला दुकान जमत नव्हतं, बोलणं जमत नव्हतं, दाढी करणं जमत नव्हतं. उपवास मात्र फक्कड जमत होता. भूकच नव्हती ना. अख्ख्या आठवड्यात तो एक दिवस असा असायचा की संध्याकाळी म्हणता यायचं, आज ठरवलं ते पुरं केलं.

आणि आई खूश व्हायची. माझी आई एक्क्याऐंशी वर्षांची. लेकाला काय झालंय ते तिला नीट कळत नव्हतं, पण डोळ्यांसमोर वाळत चाललाय हे दिसत होतं. तिच्या हातात जे होतं ते तिने केलं. श्रावण लागला तशी एक दिवस माझ्या उशाशी येऊन बसली.

"तुझ्यासाठी सोळा सोमवार बोललेय. करशील नव्हे?"

"करतो की, आई."

असे महिन्याचे दहा-अकरा दिवस झाले. त्या दहा-अकरा रात्री कॅप्सूल नाही. डॉक्टरबाई विचारायच्या नियमित घेता ना, आणि मी होय म्हणायचो, ते मनापासून. गोळ्या नियमित होत्या आणि उपवासही नियमित होते. या दोन गोष्टी एकमेकांसमोर ठेवून बघाव्यात असं मला कधी सुचलं नाही. शैलालाही नाही. तिचं माहेर बेळगावचं, तिकडेही हीच रीत.

नवरात्र

घट बसले आणि मी नऊ दिवसांचे उपवास धरले. म्हणजे दीडशेची कॅप्सूल एका दिवसात शून्यावर आली.

तिसऱ्या दिवशी ते सुरू झालं. मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखं व्हायचं. दुखायचं नाही, पण ट्यूबलाइट लागताना जशी लुकलुकते तसं सगळं क्षणभर तुटून परत जोडलं जायचं. चालताना जमीन कलायची. मळमळ, घाम, चित्रविचित्र स्वप्नं. कारण नसताना रडू यायचं आणि कारण नसताना शैलावर खेकसायचो. मी ठरवून टाकलं की ही पुढची पायरी आहे. आता वेड लागणार.

पाचव्या माळेला संध्याकाळी आरती होती. मोहन आणि त्याचं कुटुंब आलं होतं, शेजारच्या कानडी अक्का आल्या होत्या. घरातला थोरला म्हणून ताम्हन माझ्या हातात. आरती अर्ध्यावर आली आणि देवाकडून मान जरा फिरवली, तर डोक्यात एकामागून एक चमका. मी डोलायला लागलो. मोहनने धावत येऊन ताम्हन पकडलं, नाहीतर निरांजन आईच्या पदरावर पडलं असतं. मी भिंतीला टेकून खाली बसलो आणि लहान मुलासारखा रडायला लागलो. डोळे उघडले तर शेजारच्या अक्का माझ्यासमोर हात जोडून उभ्या. त्यांना वाटलं, अंगात देवी आली. आईच्या चेहऱ्यावर भीती होती आणि थोडी आशाही होती. ती आशा बघून मला जास्त रडू आलं.

शैलाने दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी बाहेर काढली. "चला," म्हणाली, "आणि ती औषधाची पिशवी घ्या बरोबर."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं

वेड लागायच्या बेतात असलेला माणूसही शेवटी व्यापारी तो व्यापारीच. डॉक्टरबाई लिहायला लागल्या तेव्हा मी मध्येच म्हणालो, "डॉक्टर, या खेपेला कमी लिहा. भरपूर शिल्लक आहेत."

"शिल्लक? कशा?"

मी पिशवी उघडून दाखवली. दहा-दहाच्या चार पाकिटांवर गेलेल्या गोळ्या. मला तर त्यात काटकसरीचं थोडं समाधानच होतं. तेव्हाच त्यांनी पेन खाली ठेवलं.

"कुठल्या दिवशी घेतल्या नाहीत?"

मी पंचांग वाचावं तसं सांगितलं. शनिवार, सोमवार, संकष्टी, दोन एकादश्या, आणि आता घट बसल्यापासून रोज. "उपवासाला आमच्यात औषध घेत नाहीत ना. आणि तुम्हीच म्हणाला होतात, जेवणानंतर घ्या. त्या दिवशी जेवणच नसतं."

"अजिबात काही खात नाही?"

"खातो की. साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी, वरीचे तांदूळ, रताळ्याचा कीस, दूध-केळं."

बाई शैलाकडे वळल्या. शैलाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. मला वाटलं रडतेय. ती हसत होती, आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं. मग डॉक्टरबाईंनाही आवरलं नाही. "माफ करा," असं म्हणत म्हणत हसल्या. मी दोघींकडे आळीपाळीने बघत होतो. आपण काय करून बसलोय ते माझ्या डोक्यात हळूहळू उतरत होतं.

मग त्यांनी समजावून सांगितलं, ते मी जसं समजलो तसं लिहितो. हे औषध अंगातून लवकर उतरतं. एक दिवस चुकलं तरी काहींना जाणवतं, पाच दिवस एकदम बंद केलं तर चक्कर, मळमळ, डोक्यातले झटके, रडू, सगळं होऊ शकतं. हे वेड नव्हे आणि व्यसनही नव्हे. शरीर त्या औषधाशी जुळवून बसलेलं असतं, ते अचानक काढून घेतलं की ते असं वागतं. म्हणून बंद करायचं झालं तरी पायरी पायरीने, डॉक्टरांना विचारून. आणि एखादी गोळी राहिलीच तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत.

"आणि महिन्यातून दहा दिवस सोडलेत," त्या म्हणाल्या, "तर त्याचा गुण येणार कसा? मी आपली डोस वाढवत बसले. औषध तुम्हाला लागू पडत नाही असं आपण दोघेही धरून चाललो होतो. तुम्ही ते नीट घेतलंच नाहीत अजून. चूक माझीही आहे, मी नियमित का एवढंच विचारत राहिले."

तुम्ही ते नीट घेतलंच नाहीत अजून. माझा जीव भांड्यात पडला तो या वाक्याने. म्हणजे सगळे दरवाजे ठोठावून झाले नव्हते. पहिलाच दरवाजा मी अजून नीट ठोठावला नव्हता. सात महिने फुकट गेले याचा राग यायला हवा होता, तो नंतर आला, बराच आला. त्या दिवशी मात्र परतीच्या वाटेवर मी गाडी थांबवायला लावली आणि आम्ही दोघं रस्त्यावर उभं राहून शहाळं प्यायलो.

लागू पडलं

पुन्हा पंचाहत्तरपासून सुरुवात केली, दीडशेवर एकदम नाही. नवरात्राचे उरलेले उपवास मी मोडले नाहीत. संध्याकाळी फराळ झाला की स्वयंपाकघरात जायचो, शैला कॅप्सूल हातावर ठेवायची. आईला सांगितलं नाही.

आठ दिवसांत झटके थांबले. दीडशेवर आलो तोवर दिवाळी आली. कुठलाही एक दिवस असा सांगता येणार नाही की आज बरा झालो. दिवाळीनंतर दुकानात हुबळीचे एक गृहस्थ सुनेला घेऊन आले होते. मोहन खाली गेला होता म्हणून मी गादीवर बसलो. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की समोर साड्यांचा ढीग पडलाय, मी तोंडाने अखंड बोलतोय आणि मोहन दारात उभा राहून बघतोय. गिऱ्हाईक गेल्यावर तो घड्या घालायला बसला. घालता घालता नाक ओढत होता.

तोंडाची कोरड अजून आहे, खिशात वेलदोडे ठेवतो. घाम कमी झाला. ब्लडप्रेशर ठीक आहे. नवरा-बायकोचं म्हणाल तर हळूहळू गाडी रुळावर येतेय, एवढं पुरे. डॉक्टरबाई म्हणतात वर्षभर तरी घ्यायची, मग उतरवत आणू. मी सरी, म्हणजे बरं, म्हटलं. घाई नाही.

आई

आईच्या दृष्टीने सोमवार फळले होते. ते तिने येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं आणि मी ते चालवून घेतलं. एक्क्याऐंशी वर्षांच्या बाईला कशाला सांगायचं, की तू ज्याने मला वाचवत होतीस त्यानेच माझं औषध काढून घेतलं होतं? शैलाला हे पटत नव्हतं. "कळेल कधीतरी, आणि दुसऱ्याकडून कळेल," म्हणायची.

पंधराव्या सोमवारच्या आदल्या दिवशीची गोष्ट. शेजारच्या अक्कांची सून बाळंतपणानंतर अशीच मिटून गेली होती. तिलाही गोळ्या सुरू झाल्याचं शैलाला माहीत होतं. मी गॅलरीत वर्तमानपत्र वाचत होतो आणि दारात आई त्या मुलीशी कानडीत बोलत होती. "सोळा सोमवार कर. पण कडक. त्या दिवशी गोळीबिळी तोंडात घालायची नाही. माझ्या लेकाकडे बघ, महादेवाने कसा उठवून बसवला."

मुलगी म्हणाली, "सरी, अज्जी."

माझ्या हातातलं वर्तमानपत्र तसंच राहिलं. आता गप्प बसणं शक्य नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, संध्याकाळी आई देवासमोर वाती वळत बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन बसलो.

"आई, मी सोमवारी गोळी घेतो."

तिचे हात थांबले. "कधीपासून?"

"नवरात्रापासून. उपवासाच्या दिवशी फराळ झाला की घेतो. शैला देते."

मग सगळं सांगितलं. शिल्लक पाकिटं, डॉक्टरबाई काय म्हणाल्या, आरतीच्या दिवशी काय झालं होतं. ती ऐकत होती. मी थांबल्यावर म्हणाली, "म्हणजे मीच."

"तू नाहीस. घराची रीत. मी चोपन्न वर्षांचा बाप्या, मला डॉक्टरांना विचारायला तोंड नव्हतं काय?"

ती हातातल्या वातीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुझे अप्पा शनिवारी गेले."

मला ते माहीत होतं. शनिवारी संध्याकाळी, फराळाच्या आधी, हृदयविकाराचा झटका आला होता. बारा वर्षं झाली. आम्ही कुणी ते दोन्ही कधी जोडून पाहिलं नव्हतं. मी म्हणालो, "एका दिवसाने तसं होत नाही, आई." होतं की नाही ते मला माहीत नाही. डॉक्टरांना विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

तिने हातातली वात पुरी केली, पदराला हात पुसले आणि उठली. "अक्काच्या सुनेकडे जाऊन येते."

"आत्ता? फराळ करून जा की."

"आल्यावर."

वीस मिनिटांनी परत आली. दम लागला होता. "सांगितलं," म्हणाली. "सोमवार कर नाहीतर करू नको, गोळी चुकवू नको म्हटलं. मला चुकीचं माहीत होतं म्हटलं. तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं."

शैलाने पानं वाढली. खिचडी झाली. शैलाने माझी कॅप्सूल आणली, आता स्वयंपाकघरात लपायचं कारण नव्हतं. मी ती घेतली, तोवर आई माझ्या गळ्याकडे बघत होती. मग तिने हात पुढे केला.

"शैला, माझी ब्लडप्रेशरची सकाळची राहिलीय बघ."

शैला डबी आणि पाणी घेऊन आली. आईने गोळी तळहातावर घेतली, देव्हाऱ्याकडे एकदा बघितलं आणि गिळून टाकली.

"पुढच्या सोमवारी मी विसरले तर आठवण कर रे," ती मला म्हणाली.